पॉवर सप्लायचे वॉट किती अंशांवर मोजलेले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतींतले आणि जिल्हा परिषद शाळांतले संगणक एप्रिल-मे महिन्यांत वारंवार बंद पडतात आणि त्यामुळे दाखले, उतारे व ऑनलाइन अर्जांची कामे अडून राहतात, अशी बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. बातमीत याचे सारे खापर विजेच्या कमी-जास्त दाबावर फोडले असून उपाय म्हणून संगणकासमोर कूलर लावण्याचा सल्ला दिला आहे. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करीत असल्याने या दोन्ही मुद्द्यांवर सविस्तर लिहावेसे वाटले. निदान अर्धवट आहे, आणि उपाय सांगितला आहे तसाच केला तर नुकसान वाढेल.

उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या बंद संगणकांत मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बिघडलेले क्वचितच असतात. बिघडलेला असतो तो एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय : कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसवलेला, ज्यात विजेची वायर जाते तो पत्र्याचा डबा. तो विकत घेताना सगळे एकच गोष्ट विचारतात : किती वॉटचा? ते वॉट खोलीचे तापमान किती असताना मिळतात, हे सरकारी कोटेशनमध्येही विचारले जात नाही आणि घरगुती ग्राहकही विचारत नाही. ज्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, टिनाच्या पत्र्याखालची खोली रात्रीसुद्धा निवत नाही, तिथे हा प्रश्न पहिला असायला हवा, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. मात्र ते पटण्यासाठी हा डबा स्वतःला थंड कसा ठेवतो, हे पाहावे लागेल.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज या डब्यात आधी डीसी केली जाते, तेव्हा तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर तिचे सेकंदाला हजारो वेळा, बहुतेक डब्यांत ५० हजारांहून अधिक वेळा, तुकडे पाडतात, ते तुकडे एका लहानशा फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून जातात आणि पलीकडे पुन्हा डीसी होऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा दाबांनी संगणकाला मिळतात. या प्रत्येक पायरीवर थोडी वीज वाया जाते आणि वाया गेलेली प्रत्येक वॉट वीज उष्णता होऊन डब्यातच राहते. ग्रामपंचायतीच्या साध्या संगणकाला, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, काम करताना ८० वॉटच्या आसपास वीज पुरते असे धरू. एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर तो भिंतीतून ११४ वॉट घेतो आणि ३४ वॉट आतच तापतात. कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर तो ९४ वॉट घेतो आणि फक्त १४ वॉट उष्णतेत जातात. म्हणजे चांगल्या डब्याच्या पंख्याला निम्म्याहूनही कमी काम उरते. शीतकरणाची चर्चा नेहमी पंख्यापासून सुरू होते, पण मुळात उष्णता किती तयार होते यावरच अर्धे प्रकरण ठरते.

ही उष्णता बाहेर कशी जाते? मॉस्फेट आणि डायोड हे भाग नखाएवढे असतात. एवढ्याशा पृष्ठभागावरून उष्णता हवेत जाऊ शकत नाही, म्हणून ते ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्यांवर, म्हणजे हीट सिंकवर, स्क्रूने आवळलेले असतात. मध्ये अभ्रकाची किंवा सिलिकॉनची पातळ चकती असते, जी उष्णता जाऊ देते पण वीज जाऊ देत नाही. उष्णता भागातून पट्टीत पसरते, पट्टीच्या दात्यांवरून हवेत जाते आणि ती हवा पंखा मागच्या जाळीतून बाहेर ढकलतो. जुन्या डब्यांत मागे ८० मिलिमीटरचा एक पंखा असे; आता बहुतेकांत १२० मिलिमीटरचा पंखा डब्याच्या आडव्या बाजूला असतो, तो हवा थेट पट्ट्यांवर सोडतो आणि मोठा असल्याने कमी फेऱ्यांत, कमी आवाजात तितकीच हवा देतो. इंटेलने १९९५ साली एटीएक्स आराखडा आणला तेव्हा मूळ कल्पना अशी होती की या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी. पण त्यामुळे एसएमपीएसमधून तापून आलेली हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही कॅबिनेटमध्ये शिरत, म्हणून पुढे दिशा उलटली आणि पंखा हवा बाहेर टाकू लागला. आपल्याकडच्या धुळीत ती मूळ कल्पना टिकली असती तर काय झाले असते, याचा विचार न केलेलाच बरा.

येथे एक साधे गणित देतो, कारण कार्यालयांत अनेकांची समजूत अशी असते की पंखा हवा थंड करतो. पंखा हवेचे तापमान कमी करीत नाही; तो फक्त तापलेली हवा काढून तिच्या जागी खोलीतली हवा आणतो. डब्यातून सेकंदाला दहा लिटर हवा जात असेल आणि आत ३४ वॉट उष्णता तयार होत असेल, तर जाता जाता त्या हवेचे तापमान साधारण तीन अंशांनी वाढते. हीच हवा धुळीने अडून सेकंदाला एक लिटरवर आली तर वाढ तीस अंशांची होते. आता खोलीचे तापमान ४४ अंश धरा. स्वस्तातल्या कॅबिनेटला वेगळा पंखा नसतो; आतली सगळी गरम हवा एसएमपीएसच्या पंख्यानेच बाहेर जायची असते, म्हणून प्रोसेसर आणि हार्ड डिस्क यांच्या ८० वॉट उष्णतेने ती हवा डब्यात शिरण्यापूर्वीच सात-आठ अंशांनी तापलेली असते. सगळे सुरळीत असताना डब्यात येणारी हवाच ५१ अंशांची आणि बाहेर पडणारी ५४ अंशांची. मॉस्फेट आणि कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) यांचे तापमान याहून बरेच वर असते. पंखा मंदावला तर काय होईल, हे सांगायला वेगळे गणित लागत नाही.

इंटेलच्याच एटीएक्स मार्गदर्शिकेत पॉवर सप्लायने पूर्ण भारावर १० ते ५० अंश तापमानात काम करावे, अशी शिफारस आहे. म्हणजे वर सांगितलेली स्थिती, जी आपल्याकडे मे महिन्यात रोजची आहे, ती मुळातच त्या मर्यादेबाहेर जाते. त्यातही ही शिफारस सगळे उत्पादक पाळत नाहीत. चांगले उत्पादक लेबलवर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात की छापलेले वॉट ४० किंवा ५० अंशांवर सतत मिळतील. स्वस्त डब्यांवर हे लिहिलेले नसते आणि त्यांचे वॉट २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत मोजलेले असण्याची शक्यता असते. तापमान वाढले की आतले भाग तितका प्रवाह सोसू शकत नाहीत, त्यामुळे २५ अंशांवरचे ४५० वॉट ५० अंशांवर ४५० राहत नाहीत. कार्यक्षमतेसाठी दिल्या जाणाऱ्या, २००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस या प्रमाणपत्राची चाचणीसुद्धा २३ अंशांच्या आसपास होते. प्रमाणपत्र उपयोगाचे आहेच, कारण कमी वाया म्हणजे कमी उष्णता, पण ते नवतप्यातल्या खोलीची हमी देत नाही.

बहुतेक एसएमपीएसमध्ये पंख्याचा वेग थर्मिस्टर ठरवतो. हा असा भाग आहे की तापला की त्याचा विद्युतरोध घटतो; तो हीट सिंकजवळ बसवलेला असतो आणि पट्टी तापू लागली की पंख्याला जास्त व्होल्ट मिळून तो जोरात फिरतो. नागपूरच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, ही व्यवस्था उत्तम चालते. पंखा हळू फिरतो, आवाज येत नाही, आणि मोठे काम आले तर वेग वाढवायला जागा असते. मे महिन्यात मात्र संगणक सुरू होऊन थोडा वेळ झाला की पंखा पूर्ण वेगावर पोहोचलेला असतो आणि दुपारी तीन वाजता आणखी उष्णता वाढली तर वाढवायला काही शिल्लक नसते. चांगल्या डब्यांत अशा वेळी अतितापमान संरक्षण काम करते आणि डबा स्वतः बंद होतो, थंड झाल्यावर पुन्हा सुरू करता येतो. ग्राहकाला तो बिघाड वाटतो. वास्तविक तो डब्याचा शहाणपणा आहे. स्वस्त डब्यांत ही सोय बहुधा नसते आणि मग सगळ्यात कमकुवत भाग जळतो.

पंख्याचे बेअरिंग हा वेगळाच दुबळा दुवा आहे. स्वस्त पंख्यात साधे स्लीव्ह बेअरिंग असते, म्हणजे तेल लावलेल्या धातूच्या नळीत फिरणारा दांडा. सततच्या उष्णतेने ते तेल आटते. त्याचे पहिले लक्षण असे की सकाळी संगणक सुरू करताना पंखा घरघर करतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. तो बरा झाला असे समजून लोक निश्चिंत होतात. बॉल बेअरिंगचा किंवा द्रव बेअरिंगचा पंखा महाग असतो, पण आपल्या हवेत तोच टिकतो. पंखा नीट हवा फेकतो की नाही हे पाहायला अवजार लागत नाही. पातळ कागदाची पट्टी मागच्या जाळीपुढे धरावी, ती स्पष्टपणे बाहेर उडाली पाहिजे. मात्र काही नव्या महाग डब्यांत कमी भारावर पंखा मुद्दाम थांबलेला असतो, तिथे ही कसोटी लागू नाही.

आता बातमीतल्या मुख्य आरोपाकडे येतो. 'वीज गेली, परत आली आणि संगणक सुरूच झाला नाही' ही तक्रार इतकी नेहमीची आहे की विजेनेच तो उडवला, असे सर्वांना वाटणे स्वाभाविक आहे. अनेकदा घडते ते वेगळेच. एसएमपीएसमध्ये इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर असतात. त्यांच्यात द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. या कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असा कॅपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकतो, तर ८५ अंशांवर ८,००० तासच. त्यातही उत्पादकाने पैसे वाचवण्यासाठी १०५ ऐवजी ८५ अंशांचा कॅपॅसिटर घातला असेल तर हिशेब आणखी खाली जातो. डबा सुरू होण्यासाठी जो छोटासा कॅपॅसिटर लागतो, तो बऱ्याचदा हीट सिंकच्या अगदी शेजारी बसवलेला असतो आणि सर्वांत आधी तोच कोरडा पडतो. गंमत अशी की संगणक चालू असेपर्यंत हा दोष दिसत नाही. चालू असलेला डबा चालतच राहतो. दोन तास वीज गेली, डबा पूर्ण बंद झाला, आणि पुन्हा सुरू होण्यासाठी जो धक्का लागतो तो कोरडा कॅपॅसिटर देऊ शकत नाही. दोष अनेक उन्हाळ्यांचा, पण दिसतो वीज आल्याच्या क्षणी, आणि नाव वीज कंपनीचे होते.

याचा अर्थ विजेचा दाब निर्दोष आहे असा नाही. कृषिपंप चालू असताना किंवा संध्याकाळी गावातले सगळे कूलर सुरू झाले की दाब १७०-१८० व्होल्टवर येतो, हा आपल्याकडचा अनुभव आहे. बल्ब मंद होतो. एसएमपीएस मात्र तसा मंद होत नाही, तो संगणकाला हवी तेवढी वीज देण्यासाठी भिंतीतून जास्त प्रवाह ओढतो. २३० व्होल्टवरून दाब १७० वर आला तर प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि तारेत किंवा मॉस्फेटच्या रोधात होणारे तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते जवळपास १.८ पट होते. म्हणजे कमी दाबाचे नुकसानसुद्धा अखेर उष्णतेच्याच मार्गाने होते. दाब आणि ऊन ही दोन वेगळी कारणे नाहीत. ज्या दिवशी ऊन जास्त, त्याच दिवशी कूलर जास्त आणि दाब कमी, आणि त्याच दिवशी डब्यात शिरणारी हवाही सर्वांत गरम.

आता धुळीबद्दल, कारण हा मुद्दा आपल्या भागाचा खास आहे आणि पुण्या-मुंबईत लिहिलेल्या सूचनांमध्ये तो पुरेसा येत नाही. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीची बारीक पिवळी धूळ उडते, आणि पाठोपाठ दिवाळीनंतर कापूस येतो. हिंगणघाटसारख्या बाजाराच्या गावाजवळ किंवा जिनिंगच्या रस्त्यावर ज्यांचे दुकान आहे, त्यांच्या संगणकात मातीची धूळ कमी आणि कापसाचे तंतू जास्त निघतात. मातीची धूळ वेगाने आलेल्या हवेबरोबर बरीचशी निघून जाते. कापसाचा तंतू मात्र हीट सिंकच्या दात्यांत आणि जाळीत अडकतो, त्याला दुसरा तंतू चिकटतो, त्यावर धूळ बसते आणि उन्हाळा येईपर्यंत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर गोधडी पांघरल्यासारखा थर तयार होतो. हा थर दोन्ही बाजूंनी मारतो : हवेची वाट अरुंद करतो आणि पट्टीवरची उष्णता हवेपर्यंत पोहोचू देत नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या कोंड्याचे आणि चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळशाच्या काळ्या धुळीचे असेच आहे. कोळशाची धूळ ओलावा धरला की वीज वाहू शकते, म्हणून दमट दिवसांत ती आणखी धोकादायक.

म्हणून वर्षातून एकदाच डबा साफ करायचा असेल तर तो कापसाचा हंगाम ओसरल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये करावा. दिवाळीच्या साफसफाईत केलेली सफाई कापूस यायच्या आधीची असते, तिचा उन्हाळ्याला उपयोग होत नाही. साफ करताना वायर भिंतीतून काढावी, केवळ बटण बंद करून भागत नाही. मागच्या जाळीतून आणि खालच्या किंवा बाजूच्या छिद्रांतून हातातल्या ब्लोअरने हवा मारावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, कारण जोराच्या हवेने पंखा मर्यादेपलीकडे फिरला तर बेअरिंग खराब होते. टायर पंक्चरच्या दुकानातली हवा मारून आणण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तिच्यात टाकीत साठलेले पाणी आणि तेल येते, आणि दाब इतका असतो की सैल भाग हलतात. कृपया ते करू नये. आणि डबा उघडू नये, हे मी शक्य तितक्या जोराने सांगू इच्छितो. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त डीसी वीज वायर काढल्यानंतरही काही काळ राहू शकते, आणि काही डब्यांत हीट सिंकची पट्टीच त्या विजेशी जोडलेली असते. माणूस दगावण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना 'संगणकाचे भाग दाखवण्यासाठी' एसएमपीएस उघडून ठेवण्याची प्रथा तर ताबडतोब थांबवावी.

आता कूलरविषयी. कूलर मुळात वाईट नाही. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तो एसएमपीएसचा मोठाच मित्र ठरू शकतो. हवेत ओलावा १५ टक्के असताना ४४ अंशांची हवा वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या चांगल्या ओल्या ताट्यातून येताना तिशीच्या आसपास उतरू शकते, आणि डब्यात शिरणारी हवा चौदा-पंधरा अंशांनी थंड झाली तर कॅपॅसिटरचे आयुष्य दुपटीहून अधिक होते. बातमीतला सल्ला चुकतो तो 'संगणकासमोर' या शब्दात. कूलरच्या तोंडाशी हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात; आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने ते तुषार सुकले की पांढरा थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि पुढे पावसाळ्यात ओलावा आला की तोच थर वीज वाहू लागतो. कूलर खिडकीत बसवून खोलीभर हवा पसरू द्यावी, दुसऱ्या बाजूची खिडकी किंवा दार किंचित उघडे ठेवावे म्हणजे ओली हवा बाहेर जाईल, आणि संगणक थेट झोतात येणार नाही असा कोपऱ्यात ठेवावा. मृग नक्षत्राचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर हवा थंड करण्याचे थांबतो आणि केवळ ओलावा वाढवतो. तेव्हापासून संगणकाच्या खोलीत तो बंद करून साधा पंखा लावलेला बरा.

संगणक कुठे ठेवला आहे यावरही बरेच अवलंबून आहे, पण ते येथे थोडक्यातच सांगतो. टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवला की पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो; कप्प्याची मागची फळी काढून टाकावी. भिंत आणि पंखा यांच्यात किमान वीतभर अंतर हवे, आणि भिंत पश्चिमेची नसावी. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी असतो आणि त्याचा पंखा खालून हवा घेतो. त्याला प्रोसेसरची गरम हवा खावी लागत नाही हा मोठा फायदा, पण कॅबिनेट जमिनीवर सतरंजीवर ठेवला तर श्वासच बंद होतो. तो उंच फळीवर ठेवावा. आणि चालू संगणकावर घातलेले शिवलेले झाकण, कितीही प्रेमाने शिवलेले असले, तरी काढून ठेवावे.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा खरेदीचा. तालुका आणि ग्रामपंचायत पातळीवरच्या कोटेशनमध्ये आजही '४५० वॉट एसएमपीएस' एवढेच लिहिलेले दिसते आणि सर्वांत कमी दराला काम मिळते. लेबलवरच्या मोठ्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टपुढचे अँपिअर पाहावेत, कारण आजच्या संगणकाचा बहुतेक भार १२ व्होल्टवर असतो. तिथे १४ अँपिअर लिहिलेले असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट एवढीच त्या डब्याची खरी उपयोगी ताकद, वर काहीही छापलेले असो. शिवाय ८० वॉटच्या संगणकाला मोठ्या वॉटचा स्वस्त डबा लावून फायदा होतोच असे नाही. क्षमतेच्या वीस टक्क्यांखाली चालताना डब्याची कार्यक्षमता घसरते, आणि आपण ज्याला राखीव ताकद समजतो ती उष्णता होऊन बसते. ३०० वॉटचा, पण प्रामाणिक लेबलचा आणि ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणित डबा अशा कार्यालयाला जास्त योग्य. ब्रॉन्झ दर्जासाठी निम्म्या भाराला किमान ८५ टक्के कार्यक्षमता लागते.

जिल्हा परिषदांनी आणि पंचायत समित्यांनी, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरची खरेदी असो वा स्थानिक कोटेशन, पुढील मजकूर अटींत घालावा अशी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून करतो : 'पॉवर सप्लायने आत येणारी हवा ५० अंश सेल्सिअस असताना लेबलवरील पूर्ण वॉट सतत द्यावेत व हे तापमान उत्पादकाच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात छापलेले असावे, मुख्य कॅपॅसिटरसह सर्व इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर १०५ अंशांचे असावेत, अतितापमान संरक्षण असावे, पंख्याचे बेअरिंग बॉल किंवा द्रव प्रकारचे असावे, दुरुस्ती-बदलीची हमी किमान तीन वर्षांची असावी.' यांपैकी एकही अट अवघड नाही. असे डबे नागपूरच्या बाजारात मिळतात. असलेले संगणक बदलण्याची गरज नाही. त्यांतला फक्त एसएमपीएस बदलता येतो आणि ते अर्ध्या तासाचे काम आहे. निधी एकदम मिळणार नसेल तर टिनाच्या छताखालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतले डबे यंदा बदलावेत, कवेलूच्या (कौलांच्या) किंवा जाड स्लॅबच्या थंड खोल्यांतले पुढच्या वर्षी बदलले तरी चालतील.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा